नव्वद रुपयांचा जीव

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या मरू लागल्या. दोनेक दिवसांत आठशे-नऊशे पक्षी गेले. शेड बचत गटाचे होते. नमुने तपासणीला गेले आणि अहवाल आला, बर्ड फ्लू. मग एक किलोमीटरच्या परिघातल्या सगळ्या कोंबड्या मारण्याचा आदेश निघाला. दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांची वाहतूक आणि खरेदी-विक्री थांबली. पांढरे किट घातलेली माणसे गावात शिरली, जेसीबीने खड्डे खणले गेले. टीव्हीवाले आले आणि दोन दिवसांत निघूनही गेले.

त्या वेळी सरकारने भरपाईचा तक्ता लावला होता. आठ आठवड्यांपुढच्या अंड्यावरच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांपुढच्या मांसाच्या कोंबडीला ७० रुपये, लहान पिलाला २० रुपये, एका अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२ रुपये. निम्मा भार केंद्राचा, निम्मा राज्याचा.

दर कमी की जास्त, हा वाद मी इथे घालणार नाही. माझे भांडण त्या तक्त्यामागच्या नियमाशी आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्याची. त्याआधी आजाराने जो मेला, तो हिशेबातच नाही. म्हणजे ज्या बाईच्या शेडमध्ये रोग आधी आला आणि जिने घाबरत घाबरत का होईना पण खबर दिली, तिच्या मेलेल्या कोंबड्यांचे शून्य. पक्षी जिवंत असताना त्याच्याकडे बघायला कोणी नव्हते, आजारी असताना कोणी नव्हते, मेल्यावरही नाही. सरकारला पक्षी दिसला तो फक्त मारायच्या दिवशी.

हे आज आठवायचे कारण म्हणजे शहरांत सध्या जोरात असलेली पाळीव प्राण्यांच्या विम्याची चर्चा. कुत्र्याचा विमा, मांजराचा विमा, ऑपरेशनचा खर्च, हरवल्यास जाहिरातीचा खर्च, सगळे पॉलिसीत. आता पक्षी पाळणारेही विचारू लागलेत की आमच्या कॉकटेलला, आमच्या बजीला विमा का नाही? पुण्या-मुंबईतला हा प्रश्न परभणीपर्यंत यायला वेळ लागणार नाही, कारण पिंजरे केव्हाच आलेत. गल्लीबोळांतल्या घरांत आज हिरव्या-निळ्या बजींची जोडी दिसते. लोक तिला सरसकट 'लव्ह बर्ड' म्हणतात. गच्चीवर कबुतरांची खुराडी तर आमच्या मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि परसात कोंबड्या आहेत, त्या तर सगळ्यांच्याच.

माझे म्हणणे सरळ आहे. पक्ष्याला विमा नंतर द्या, आधी दवाखाना द्या. दवाखाना नसलेल्या गावात विमा विकणे म्हणजे विहीर नसलेल्या शिवारात मोटार विकणे.

विम्याचे गणित पक्ष्याला लागू पडत नाही

विमा कंपनीला तीन गोष्टी लागतात. प्राण्याची ओळख पटली पाहिजे, त्याची किंमत ठरली पाहिजे आणि आजारपण कागदावर सिद्ध झाले पाहिजे. गाईच्या कानात बिल्ला असतो, कुत्र्याच्या कातडीखाली चिप बसवता येते. बजीच्या पायात कडे असले तर असते, बाजारातून आणलेल्या बहुतेकींच्या पायात ते नसते. दोन हिरव्या बजी शेजारी बसवल्या तर मालकालाही क्षणभर विचार करावा लागतो, तिथे दावा तपासणारा माणूस काय ओळखणार?

किंमतीचे तर विचारूच नका. बजीची जोडी काही शे रुपयांत मिळते. डॉक्टरची फी, रक्ततपासणी, एक्स-रे आणि औषधे यांची बेरीज पहिल्याच भेटीत पक्ष्याच्या किमतीपुढे जाते. कंपनीच्या हिशेबाने मग उपचारापेक्षा नवा पक्षी आणणे स्वस्त. तुमच्या पोरीने ज्याला नाव दिले, जो तिच्या खांद्यावर बसतो, तो कंपनीच्या वहीत 'बदलून मिळणारी वस्तू' ठरतो. विमा जर पक्ष्याच्या बाजारभावाइतकाच मिळणार असेल, तर उपचाराचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

तिसरी अट कागदाची. पक्षी कशाने मेला हे लिहून द्यायला पक्ष्यांतला जाणकार डॉक्टर हवा. तो तालुक्याला कुठून आणायचा?

अमेरिकेत पक्ष्यांचा विमा आहे, असे कोणी सांगेल. आहे. नेशनवाइड ही तिथली मोठी कंपनी पोपटांपासून सरड्यांपर्यंत विमा देते. पण त्याच कंपनीने २०२४ साली सुमारे एक लाख पाळीव प्राण्यांच्या पॉलिसी पुढे चालू न ठेवण्याचे जाहीर केले. कारण दिले उपचाराच्या महागाईचे. म्हणजे जिथे दवाखाने आहेत, तज्ज्ञ आहेत, गिऱ्हाइकाच्या हातात पैसा आहे, तिथेही खर्च वाढला की छत्री मिटते. पावसात मिटणाऱ्या छत्रीच्या भरवशावर आपण पक्ष्यांच्या आरोग्याची व्यवस्था उभी करणार आहोत का?

आपल्याकडे कोंबड्यांचा विमा मिळतो, तो व्यापारी शेडवाल्यांना. शेडमधले सगळे पक्षी विम्यात घ्यावे लागतात, लसीकरणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी ठेवाव्या लागतात. दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईसाठी तो नाहीच. सरकारी पशुधन विम्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, डुक्कर, अगदी ससासुद्धा आहे. २०२४ मध्ये केंद्राने त्यातला पशुपालकाचा हप्त्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला, हे चांगलेच झाले. पण त्या यादीत परसातली कोंबडी नाही. ससा आहे, कोंबडी नाही! मराठवाड्यातल्या किती घरांत ससे आहेत आणि किती घरांत कोंबड्या, हे मोजायला जनगणना नको.

तशी गणना झालेलीही आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातले कुक्कुट पक्षी ८५ कोटींवर भरले. त्यातले ३१ कोटींहून अधिक परसातले होते, आणि २०१२ च्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. एवढा मोठा जीवसमूह बायकांच्या हातावर, उरलेसुरले दाणे आणि भाकरीच्या तुकड्यांवर जगतो आहे. त्याला ना विमा, ना दवाखाना.

परभणीत काय आहे आणि काय नाही

परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय नाही, अशी तक्रार कोणी करू शकत नाही. ते १९७२ सालापासून इथे आहे. दुष्काळाचे ते साल, त्याच वर्षी इथे कृषी विद्यापीठही उभे राहिले. पुढे हे महाविद्यालय नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे गेले. इथून शिकलेले डॉक्टर महाराष्ट्रभर आहेत. म्हणजे ज्ञानाचा झरा आमच्या दारात आहे. तो गल्लीपर्यंत पोचत नाही, एवढेच दुखणे आहे.

तालुक्याच्या नाहीतर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यासमोर उभे राहून बघा. पहिल्यांदा दिसतो तो लोखंडी खोडा. सगळी रचना बैल, गाय, म्हैस आणि शेळीभोवती. त्यात चूक काही नाही, शेतकऱ्याचे घर त्यावरच चालते. पण साडेतीनशे किलोच्या म्हशीसाठी उभारलेल्या दवाखान्यात पस्तीस ग्रॅमचा बजी तोलायला काटा नसतो. काटा नाही म्हणजे औषधाची मात्रा नाही. मात्रा नाही म्हणजे अंदाज. आणि पस्तीस ग्रॅमच्या जिवाच्या बाबतीत एका थेंबाचा अंदाज चुकला की संपले.

पक्ष्याचे आणखी एक आहे. तो आजार लपवतो. रानात दुबळा दिसला की शिकार होते, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्याचे सोंग करतो. पिसे फुगवून, डोळे मिटून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसतो तेव्हा आपल्याला तो आजारी वाटतो. प्रत्यक्षात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मादीचे अंडे अडकले तर हातात काही तासच असतात. अशा वेळी शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या शहरात पक्ष्यांचा डॉक्टर असून काय उपयोग? गाडीभाड्यातच हिंमत संपते.

मग लोक काय करतात? मेडिकलवाल्याला विचारतात, नाहीतर कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात जातात. तिथून अँटिबायोटिकची पुडी येते, पाण्यात विरघळते, पिंजऱ्यातल्या वाटीत जाते. पक्षी कधी वाचतो, कधी मरतो. पुडी मात्र प्रत्येक वेळी संपते. २०१९ मध्ये केंद्राने कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांत आणि इतर खाद्य-प्राण्यांत वापरायला बंदी घातली, कारण माणसासाठी ते शेवटच्या फळीतले औषध आहे. बंदी योग्यच. पण डॉक्टर न देता फक्त औषध काढून घेणे हा अर्धाच कारभार झाला. जिथे डॉक्टर नाही तिथे दुकानदार डॉक्टर होतो. हे माणसांच्या बाबतीत आपण पाहिलेलेच आहे.

शंभर मात्रांची कुपी

आता सगळ्यात साधी गोष्ट घ्या. मानमोडी. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. कोंबडीची मान वळते, पाय लुळे पडतात, हिरवी हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. यावर लस आहे, स्वस्त आहे, आपल्या राज्यातच पुण्याच्या औंधला तयार होते. पिलू पहिल्या आठवड्यात असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, पुढे दोनेक महिन्यांची झाली की टोचणी. इतके सोपे.

तरीही मानमोडीने खुराडी रिकामी होतातच. कारण लस येते शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांच्या कुपीत. ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा विरघळवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या मालकिणीने शंभर मात्रांची कुपी घेऊन नव्वद मात्रा मातीत ओतायच्या का? ती घेत नाही. शेजारीणही घेत नाही. दहा घरे एका दिवशी एकत्र आली तर एक कुपी पुरते. पण त्यांना एकत्र आणायचे कोणी? पोलिओच्या रविवारी आपण घराघरांतली पोरे एका दिवसात शोधून काढली. तीच रीत कोंबड्यांसाठी महिन्यातून एका ठरलेल्या सकाळी वापरता येणार नाही का?

इथे ना नवे संशोधन लागते ना कोट्यवधींचा निधी. एक शीतपेटी, एक प्रशिक्षित बाई आणि मशिदीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एक घोषणा एवढेच लागते. विमा कंपनी हे काम कधीच करणार नाही, कारण न मेलेल्या कोंबडीवर तिचा धंदा चालत नाही. हे काम सरकारचेच.

राघूची गोष्ट वेगळी

पिंजऱ्यातल्या देशी पोपटाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपला राघू, मिठ्ठू, हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तो दुसऱ्या अनुसूचीत गेला आहे. कायदा योग्य आहे, हे मी ठासून सांगतो. ढोलीतून पिले काढून, पिशवीत कोंबून, पंख छाटून विकणे हा धंदा बंदच व्हायला हवा. थव्याने उडणाऱ्या जिवाला फूटभर जागेत आयुष्य काढायला लावण्यात कसले प्रेम?

पण जो आधीच पंधरा वर्षे घरात आहे, ज्याला उडता येत नाही, त्याचे काय? तो आजारी पडला तर घरचे लोक त्याला दवाखान्यात नेत नाहीत, कारण भीती वाटते. तो झाकलेल्या पिंजऱ्यात मरतो. कायदा त्याच्या रक्षणासाठी होता, पण त्याच्या वाट्याला आला तो डॉक्टरविना मृत्यू.

आता दुसरी बाजू बघा. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने विदेशी प्राणी-पक्षी बाळगणाऱ्यांना मुभा दिली होती. सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर करा, कागदपत्रे मागणार नाही. लाखोंच्या मकाव पोपटांचे मालक त्या खिडकीतून बिनघोर बाहेर पडले. परदेशी पक्षी आणि देशी रानपक्षी यांना लागू होणारे कायदे वेगळे आहेत, हे मला कळते. प्रश्न वृत्तीचा आहे. बंगल्यातल्या मकावसाठी खिडकी सुचते, पत्र्याच्या घरातल्या मिठ्ठूसाठी सुचत नाही. सहा महिने मुदत द्या, वनखात्याकडे पक्षी सोपवणाऱ्यावर खटला नको, आणि डॉक्टरला पोलिसाचे काम लावू नका. धंदेवाल्यांना मात्र पकडा. २०१८ च्या नियमांनुसार पक्षी विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. आठवडी बाजारात जाळीच्या टोपलीत पक्षी विकणाऱ्याकडे ती असते का, हे एकदा तरी कोणी विचारा.

'माणसांना दवाखाना नाही आणि तुम्ही...'

हे वाक्य येणार, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होते. मराठवाड्यात शेतकरी फास लावून घेतोय आणि याला पोपटाची पडली आहे. आपल्या लोकांतूनही येईल की मुसलमानांपुढे कमी मसले आहेत का?

उत्तर दोन भागांत देतो. पहिला भाग व्यवहाराचा. परसातली कोंबडी ही कर्जबाजारी घरातल्या बाईची एकमेव रोकड असते. पोराची फी, सासूचे औषध, पाहुण्यांचा कालवण, सगळे त्या खुराड्यातून येते. ते खुराडे एका रात्रीत रिकामे होणे ही त्या घरापुरती आर्थिक आपत्तीच आहे. शिवाय पक्ष्यांचा आजार पक्ष्यांपुरता राहत नाही. पोपट-कबुतरांच्या विष्ठेतून माणसाला फुप्फुसाचा आजार होतो, बर्ड फ्लूचे नाव तर सगळ्यांना पाठ आहे. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात हा रोग देशात पहिल्यांदा सापडला तेव्हापासून आपण प्रत्येक वेळी खड्डेच खणत आलो आहोत. खड्डा खणण्यापेक्षा गावातल्या बाईला 'कोंबडी मेली तर कुणाला सांगायचे' हे माहीत असणे स्वस्त पडते. आणि सांगणाऱ्याला शिक्षा व लपवणाऱ्याला भरपाई, असा उलटा न्याय असेल तर कोणीही सांगणार नाही. पक्ष्यांचा दवाखाना हा माणसांच्या दवाखान्याचाच उंबरठा आहे.

दुसरा भाग ईमानाचा. हजरत अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक चिमुकला पक्षी होता. तो मेला आणि पोर उदास झाले. पैगंबरांनी (स.) त्या पोराजवळ बसून पक्ष्याची विचारपूस केली. मदिनेत तेव्हा प्रश्न कमी होते का? चौथ्या हिजरी शतकातल्या इब्न अल-कास या विद्वानाने या एवढ्याशा प्रसंगातून साठ बोध काढून एक पुस्तिका लिहिली. फकीहांनी यातूनच पक्षी पाळण्याची मुभा मान्य केली, पण अट घातली की त्याचे दाणापाणी आणि देखभाल पाळणाऱ्याच्या मानेवर. पिंजऱ्याचे दार आपण लावले, तर आतल्या जिवाचे आजारपणही आपलेच. ही हौस राहत नाही, जबाबदारी होते.

दिल्लीचे उदाहरण देतो. चांदणी चौकात जैन समाजाचे पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. मोठे काम आहे, आदराने नाव घ्यावे असे. नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे भाऊ तरुणपणी एक जखमी घार घेऊन पक्ष्यांच्या दवाखान्यात गेले, तेव्हा मांसाहारी पक्षी म्हणून तिला घेतले गेले नाही. भावांनी आरडाओरडा केला नाही. घराच्या तळघरात स्वतःच घारींवर उपचार सुरू केले आणि हजारो पक्षी वाचवले. मांजाने कापलेले पंख शिवणाऱ्या या भावांवर शौनक सेन यांनी केलेला माहितीपट २०२३ च्या ऑस्करच्या शेवटच्या पाचांत होता. जैनांनी एक दार उघडले, मुसलमान भावांनी दुसरे. सरकार या दोन्ही दारांत कुठे दिसते? समाजाने दया दाखवायची आणि राज्याने टाळ्या वाजवायच्या, ही वाटणी मला मान्य नाही.

मग हवे काय?

परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस पक्ष्यांचा असावा, सरकारी केस पेपरच्या दरात. विद्यार्थ्यांना शिकायला मिळेल, लोकांना डॉक्टर मिळेल. आज त्यांच्या शिक्षणात पक्षी म्हणजे मुख्यतः शेडमधली कोंबडी. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याला निदान एका डॉक्टरचे पक्ष्यांवर लहानसे प्रशिक्षण व्हावे आणि टेबलावर ग्रॅम मोजणारा काटा यावा. १९६२ या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या दवाखान्याला खुराड्यासाठीही बोलावता यावे, आणि हे लोकांना कळावे. महिन्यातून एकदा वॉर्डावॉर्डांत आणि गावागावांत मानमोडीची लस मिळावी. पशुधन विम्याच्या यादीत परसातली कोंबडी यावी, ती एकेकीच्या नावाने न येता बचत गटाच्या नावाने यावी, म्हणजे ओळख पटवण्याचा आणि हप्त्याचा दोन्ही प्रश्न सुटतात. आणि बर्ड फ्लूची खबर देणाऱ्याला आधी मेलेल्या पक्ष्यांचीही भरपाई मिळावी.

यातली एकही मागणी शाही नाही. सगळ्यांचा मिळून खर्च एखाद्या रस्त्याच्या उद्घाटनाच्या मंडपापुढे जाणार नाही.

हे सगळे झाल्यावर कोणाला आपल्या कॉकटेलचा विमा काढायचा असेल तर खुशाल काढा. तेव्हा दावा लिहून द्यायला डॉक्टर असेल, आणि बहुतेक वेळा दाव्याची वेळच येणार नाही. तोवर पॉलिसी विकायला येणाऱ्याला एवढेच विचारा: भाई, कागद ठीक आहे, पण रात्री पक्षी पिसे फुगवून बसला तर घेऊन जायचे कुठे?